आधारासकट

पायातल्या स्प्लिंटकडे, म्हणजे पोटरी आणि पाऊल धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या आधाराकडे, बघून लोक बहुतेक एकच विचारतात, "हे कधी निघणार?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बायका, इथे इंदूरच्या राजेंद्रनगरात भाजी घेताना दिसणारे शेजारी, शाळेतले जुने सहकारी, सगळ्यांना मी बरी व्हायला हवी असते. आणि बरं होणं म्हणजे पायातलं सगळं उतरवून ठेवून पूर्वीसारखं चालायला लागणं, हे त्यांनी धरून चाललेलं असतं. रस्त्यात उभ्या उभ्या या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. हे निघणार नाही. आणि हे पायात आहे म्हणूनच माझं चालणं सुधारलं आहे.

पडण्याची गोष्ट फार मोठी नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लावलेली शिडी सरकली आणि मी सिमेंटवर बसक्या अवस्थेत आदळले. आपल्याकडे मज्जारज्जूला इजा होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. उंचावरून म्हणजे दर वेळी इमारतीवरूनच असं नाही. झाड, विहिरीचा काठ, गच्ची, शिडी, सगळं त्यात आलं. माझा कमरेचा पहिला मणका, डॉक्टर ज्याला एल-वन म्हणतात तो, फुटला. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण याच मणक्याच्या आसपास संपतो आणि त्याखाली पाय, मूत्राशय, आतडी यांच्याकडे निघालेल्या नसांचा जुडगा असतो. रज्जूचं टोक आणि त्या नसा त्या जागी दाटीवाटीनं असतात आणि घाव नेमका तिथेच बसला. ऑपरेशन झालं, रॉड आणि स्क्रू बसले, मणका स्थिर झाला. सगळ्या नसा गेल्या नव्हत्या. काही निरोप अजून खाली पोचत होते, आणि पुढचं सगळं त्या काही निरोपांवर उभं राहिलं.

पायांची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. मांडी पोटाकडे उचलून बघतात, ती कमरेच्या दुसऱ्या नसेची परीक्षा. गुडघा सरळ करायला लावतात, ती तिसऱ्या नसेची. पाऊल वर ओढायला सांगतात, ती चौथीची. अंगठा वर करायचा, ती पाचवीची. आणि टाच उचलायची, ती त्याखालच्या त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या, पहिल्या नसेची. मांड्या माझ्या चांगल्या निघाल्या. उजवा गुडघा चार, डावा तीन. तीन म्हणजे पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण सरळ होतो, पण वरून कुणी हात ठेवला की पडतो. घोट्याखाली मात्र दोन्हीकडे एक. डोळ्यांना काही दिसत नाही, तपासणाऱ्याच्या बोटाला फक्त स्नायू आवळल्याचं कळतं. फिजिओथेरपिस्ट मुलगी आपल्याच रामबागेतली, मला काकू म्हणते. ती तेव्हा म्हणाली, "काकू, गुडघा तीन आहे ना, मग मांडीपर्यंतचं कॅलिपर तुम्हाला कायमचं लागणार नाही. गुडघ्याखालचं पुरेल. पण ते नीट असायला हवं." कॅलिपर म्हणजे पाय ताठ धरणारा लांब आधार.

मधेच एक सांगून ठेवते, कारण त्याशिवाय चालण्याबद्दल बोलणं खोटं वाटतं. या दुखापतीत पायांबद्दल सगळे विचारतात, लघवीबद्दल कुणी विचारत नाही. ठरल्या वेळी कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करणं ही माझ्या दिवसाची पहिली चौकट आहे. चालण्याचे व्यायाम, बाहेर जाणं, लग्नकार्य, सगळं त्या वेळापत्रकात बसवावं लागतं. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी आधी त्या गोष्टीची घडी बसवावी, मग पायांची. याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

घरी पाठवताना मला एक तयार स्प्लिंट दिलं गेलं होतं. दुकानात मापाप्रमाणे छोटं, मध्यम, मोठं असं मिळतं ते. मागून पोटरीवर येणारी प्लॅस्टिकची पातळ पट्टी, खाली तळव्याचा तुकडा, वर एक वेल्क्रो. पंजा लोंबतो म्हणून ते देतात, आणि पंजा उचलून धरण्याचं काम ते चोख करत होतं. पाऊल जमिनीवर घासत नव्हतं, अडखळणं कमी झालं होतं. तरी वॉकर घेऊन या खोलीतून त्या खोलीत गेले की मांड्या थरथरायला लागायच्या, गुडघे वाकलेलेच राहायचे, आणि मी खुर्चीवर बसले की घामानं निथळलेली असायची. घरातल्यांना वाटायचं, ताकद येते आहे हळूहळू, चालायचंच.

फिजिओनं मला तिच्या हॉलमध्ये चालवलं, बाजूनं मोबाइलवर चित्रण केलं आणि ते सावकाश फिरवून दाखवलं. पाऊल जमिनीवर टेकतं, शरीर त्याच्यावरून पुढे सरकतं आणि त्याच क्षणी नडगी पुढे कलंडते, कलंडतच जाते, गुडघा मुडपतो. पोटरीचं काम काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. आपल्याला वाटतं, पोटरी टाच उचलून ढकलण्यासाठी असते. तेही आहेच. पण एका पायावर वजन असताना नडगीला लगाम घालून धरणं, ती एका मर्यादेपुढे झुकू न देणं, हे तिचं मोठं काम. माझी पोटरी धरत नव्हती, म्हणून तिचं सगळं काम मांडीवर पडत होतं. पायऱ्या उतरताना मध्येच गुडघा वाकवून उभं राहून बघा, मग कळेल मी दिवसभर कशी चालत होते ते. लोंबणारा पंजा सगळ्यांना दिसतो. न धरणारी पोटरी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि त्या पातळ पट्टीत तिला धरायची सोयच नव्हती.

म्हणून माप देऊन स्प्लिंट बनवायचं ठरलं. एएफओ म्हणतात त्याला, घोटा आणि पाऊल धरणारं. ते जिथे बनतं त्या वर्कशॉपबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तिथे काय होतं हे पेशंटना कुणी सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे ते गप्प बसून पाय पुढे करतात.

आधी पायात पातळ होजिअरीचा मोजा चढवतात. मग पेन्सिलीनं, जिचा रंग ओल्या प्लास्टरवर उमटतो अशा पेन्सिलीनं, हाडांची टोकं रंगवतात: घोट्याची आतली गाठ, बाहेरची गाठ, तळव्याच्या कमानीवरचं हाड, करंगळीच्या मागचा उंचवटा, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाताला लागतो तो गोळा. त्या गोळ्याच्या वळणावरूनच पाऊल उचलणारी नस जाते, तिथे दाब पडला तर असलेली ताकदही जाईल, म्हणून तिथे जास्त काळजी. नडगीवरून एक रबरी नळी उभी ठेवतात, नंतर तिच्यावरून प्लास्टर कापता यावं म्हणून. मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या. ऑर्थोटिस्ट, म्हणजे स्प्लिंट बनवणाऱ्या, भैयांनी एका हातानं तळवा खालून सपाट धरला, दुसऱ्यानं टाच आतल्या बाजूला किंचित वळवली आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत श्वाससुद्धा हळू घेतला. "मॅडम, अभी पैर मेरा है, आप छोड़ दो," ते म्हणाले. त्या पाच मिनिटांत टाच ज्या कोनात धरली जाते, तोच कोन पुढची दोन-तीन वर्षं पायाखाली राहतो.

प्लास्टरचं कवच कापून काढतात, त्यात पुन्हा प्लास्टर ओतून पायाची भरीव प्रतिमा करतात आणि ती कानशीनं घासतात. माझा पाय तिथे टेबलावर उभा होता आणि भैया त्याच्यावर खुणांच्या जागी प्लास्टरचे छोटे थर चढवत होते, म्हणजे हाडाजवळ स्प्लिंटमध्ये तेवढी जागा मोकळी राहील. मांसल भागावरून मात्र ते थोडं थोडं घासून काढत होते, कारण दाब घ्यायचा तर तिथेच. मग पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची दुधी पांढरी शीट भट्टीत. तापत जाते तशी ती आरपार दिसू लागते, आणि पूर्ण पारदर्शक झाली की समजायचं, वेळ झाली. दोघं जण जाड हातमोजे घालून ती उचलतात, तेव्हा ती ओल्या पापडासारखी लोंबते. क्षणात ती प्रतिमेवर अंथरून पुढच्या बाजूला कडा चिकटवायच्या आणि व्हॅक्यूम पंप सुरू करायचा. हवा ओढली जाते आणि प्लॅस्टिक घोट्याच्या खळग्यांत चपखल बसतं. पुन्हा दुधी व्हायला लागतं. घाईनं काढलं तर वाकडं होतं, म्हणून ते थंड होईपर्यंत तसंच ठेवतात.

नंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कडा कुठे कापायच्या? घोट्याच्या गाठीच्या मागून कापलं तर स्प्लिंट लवचीक होतं, पुढून कापलं तर कडक. माझ्या पोटरीसाठी कडकच हवं होतं. घोटा पुढे वाकू दिला नाही की नडगी कलंडत नाही, आणि पायाचा पुढचा भाग जमिनीवर दाबला गेला की जमिनीकडून येणारा जोर गुडघ्याच्या पुढून जातो, गुडघा आपोआप सरळ होतो. स्नायूचं काम प्लॅस्टिक आणि जमीन मिळून करतात. भैया म्हणाले, "पहले ज़्यादा रखेंगे. काट तो कभी भी सकते हैं, जोड़ नहीं सकते." ज्यांना कुणाला स्प्लिंट बनवून घ्यायचं आहे त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. पहिल्याच दिवशी सुटसुटीत, हलकं, बारीक करून द्या असा हट्ट धरू नये.

पहिल्यांदा घालून उभी राहिले तेव्हा मांडी शांत होती. थरथर नव्हती. पण दोन पावलं टाकल्यावर उजवा गुडघा मागे ढकलल्यासारखा वाटायला लागला. फिजिओ बाजूला बसून बघत होती, भैया जमिनीवर. दोघांचं आपसांत काही बोलणं झालं आणि बुटाच्या आत टाचेखाली फोमचा चार मिलिमीटरचा तुकडा आला. पुन्हा चालले. नडगी थोडी पुढे झुकली आणि गुडघ्याचं मागे जाणं थांबलं. बूट घातलेला असताना नडगी उभ्या रेषेपासून साधारण दहा-बारा अंश पुढे झुकलेली असावी, असा त्यांचा अंदाज असतो. प्रत्येकाला त्याच्या पायाप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. चार मिलिमीटर म्हणजे दोन-तीन नाणी एकावर एक ठेवली तर होतील तेवढी उंची. तेवढ्यानं माझ्या गुडघ्याचं दुखणं टळलं. या चार मिलिमीटरांसाठी डोळा लागतो, वेळ लागतो, आणि पेशंटनं तोंड उघडून सांगावं लागतं की इथे असं होतंय.

सांगण्याचा एक भाग मला मात्र जमत नाही, कारण तळव्याला आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला मला संवेदना नाही. टोचलं, घासलं, भाजलं तरी कळत नाही. म्हणून स्प्लिंट काढल्यावर रोज पाय बघायचे, तळवा दिसावा म्हणून दांडीचा आरसा घ्यायचा. लाल वळ असणं चुकीचं नाही. दाब जिथे घ्यायचा तिथे तो उठणारच. वीस-पंचवीस मिनिटांत तो मावळला तर ठीक. मावळला नाही, किंवा हाडाच्या टोकावर उठला, तर दुसऱ्या दिवशी ते स्प्लिंट घालायचं नाही, वर्कशॉपमध्ये न्यायचं. त्या आधीच्या तयार स्प्लिंटनं माझ्या आतल्या घोट्यावर असाच वळ उठवला होता आणि सालटं निघेपर्यंत तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. नवीन स्प्लिंट पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू वाढवत न्यायचं. सुती मोजा, शिवण नसलेला, एकही चुणी न पडू देता. उन्हाळ्यात मोजा दुपारी बदलायचा, घामानं त्वचा नरम पडते.

आता घराकडे येते. आपल्या घरांत बूट उंबऱ्याबाहेर राहतात. स्प्लिंट बुटासह वापरायच्या हिशोबानं बनवलेलं असतं. बुटाची टाच पुढच्या भागापेक्षा जेवढी उंच, तेवढं धरून नडगीचा कोन ठरवलेला. बूट काढून नुसत्या स्प्लिंटवर फरशीवर उभं राहिलं की टाचेची ती उंची जाते, नडगी मागे कलते आणि गुडघा मागे वाकायला बघतो. शिवाय फरशीवर प्लॅस्टिक घसरतं. म्हणजे हॉस्पिटलच्या हॉलमध्ये मी छान चालत होते आणि माझ्याच स्वयंपाकघरात भिंत धरत होते. ही परिस्थिती आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक घरात येणार, आणि तरीही मला ती कुणी आधी सांगितली नव्हती.

प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांचं देवघर स्वयंपाकघराला लागून, आणि त्यांच्या वयाच्या बाईला स्वयंपाकघरात बूट हा विषय काढणंसुद्धा मला जड वाटत होतं. हे काही बोलले नाहीत, मीही नाही. एका संध्याकाळी ओट्याशी मी कुकर उतरवताना तोल गेला आणि त्यांनी मागून माझा दंड पकडला. ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मला खुर्चीत बसवून म्हणाल्या, "त्या डॉक्टरणीनं काय सांगितलंय? घरातपण बूट हवेत ना? मग कापडाचे आण, धुता येतील असे. ते अंगणात न्यायचे नाहीत. शनिवारी मी बाईकडून धुवून घेईन." एवढंच. दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबर जाऊन मी बाहेरच्या बुटाच्या टाचेएवढीच टाच असलेले कापडी बूट आणले, एक नंबर मोठे, आतला सोल काढून टाकता येईल असे. ती उंची मी दुकानात पट्टीनं मोजली आणि दुकानदार बघत राहिला. देवघरासमोर मी खुर्चीवर बसते. चैत्रगौरीची आरास सासूबाईंनी या वर्षी टेबलावर मांडली, मला हात पोचावा म्हणून.

साडीचंही सांगायला हवं, कारण हा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. वेल्क्रोची खरखरीत बाजू परकराच्या लेसला पकडते. पाऊल पुढे टाकावं आणि परकर मागे ओढला जावा, असं दोनदा-तीनदा झालं की पडायला वेळ लागत नाही. भैयांनी पट्टे उलट लावून दिले, खरखरीत बाजू आत आणि मऊ बाजू बाहेर. शिवणाऱ्या बाईंनी परकराची लेस काढून खाली साधी दुमड घातली आणि साडी दोन बोटं वर नेसायची सवय केली. रोज सलवार-कमीज, सणाला साडी. फिटिंगच्या दिवशी मी आता साडी नेसून जाते, म्हणजे जे अडतं ते तिथेच दिसतं.

मघाच्या प्रश्नाकडे परत येते: हे कधी निघणार. हा प्रश्न फक्त शेजाऱ्यांच्या मनात असतो असं नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर माणूस किती चालतो हे मोजायची एक जगभर वापरली जाणारी पट्टी आहे, तिचं इंग्रजी लघुरूप विस्की. शून्य ते वीस अशा एकवीस पायऱ्या. शून्यावर माणूस उभाही राहू शकत नाही. विसाव्या पायरीवर तो काठी, ब्रेस (स्प्लिंट-कॅलिपरसारखा आधार) आणि माणसाची मदत, यातलं काहीही न घेता दहा मीटर चालतो. पट्टी उपयोगाची आहे, डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला काही मोजमाप हवंच. पण तिच्या मांडणीत ब्रेस निघणं म्हणजे वर चढणं, असं आपोआप येतं. माझ्या बाबतीत काय होतं? फिजिओनं मला एकदा स्प्लिंटशिवाय, काठी न घेता, दहा मीटर चालायला लावलं. मी चालले. डोळे जमिनीवर, गुडघे वाकलेले, कंबर प्रत्येक पावलाला वर उचलत, मुठी आवळून. मग दोन्ही स्प्लिंट घालून, एक काठी घेऊन त्याच खुणांमधून चालले, आणि निम्म्याहून कमी वेळात. पट्टीवर मी पहिल्या वेळी जास्त वर होते. रस्त्यावर मात्र मला दुसरं चालणं हवं आहे. त्या चालण्यात मी समोरच्या माणसाशी बोलू शकते, बाजूनं येणारी गाडी बघू शकते आणि घरी पोचल्यावर पोळ्या करायला अंगात त्राण उरतं.

त्याच हॉलमध्ये धार जिल्ह्यातला एक तरुण यायचा. गवंडीकाम करताना परांचीवरून पडला होता. त्याची इजा छातीच्या खालच्या मणक्यात, पूर्ण. कमरेखाली काहीच निरोप नाही. त्याला मांडीपर्यंतची लांब कॅलिपर होती, गुडघ्याला कुलूप असलेली. उभं राहायचं, कडी खाली पाडून गुडघे बंद करायचे, दोन्ही कुबड्या पुढे टेकवायच्या आणि खांद्यांच्या जोरावर दोन्ही पाय एकदम झोकून पुढे न्यायचे. बघताना डोळ्यांत पाणी यायचं इतक्या जिद्दीनं तो ते करायचा. पण या चालीत एकेका मीटरला साध्या चालण्याच्या कितीतरी पट श्रम पडतात आणि सगळा भार खांद्यांवर, मनगटांवर येतो. शेवटी त्यानंच ठरवलं: रोज थोडा वेळ कॅलिपर घालून उभं राहायचं, कारण उभं राहिल्यानं त्याला अंग मोकळं वाटायचं, आणि जायचं-यायचं व्हीलचेअरवर. त्याचे वडील नाराज होते, त्यांना मुलगा चालत गावात आलेला हवा होता. तो मला म्हणाला, "मास्टरनीजी, कुर्सी पे मैं दुकान पर बैठ सकता हूँ. केलिपर में सिर्फ़ चल सकता हूँ, फिर कुछ नहीं." त्याचा निर्णय मला पूर्ण पटला. ज्या आधारानं माणसाच्या हाती दिवस उरतो तो आधार त्याचा.

नातेवाईक प्रेमानं व्हिडिओ पाठवतात. अंगावर चढवायचा यंत्रमानवी सांगाडा आणि त्यात चालणारी माणसं. अशा एका यंत्राला अमेरिकेत घरगुती वापरासाठी २०१४ सालीच मान्यता मिळाली आहे, त्यामुळे हे काही स्वप्नरंजन नाही. पण तो सांगाडा ज्यांच्या मांड्या, गुडघे काहीच चालत नाहीत त्यांच्यासाठी. माझ्या मांड्या चालतात. दुसरा व्हिडिओ विजेच्या छोट्या झटक्यानं पाऊल उचलणाऱ्या पट्ट्याचा. त्याची चौकशी मी मनापासून केली होती. डॉक्टरांनी समजावलं की झटका स्नायूपर्यंत पोचवायला खालची नस शाबूत लागते. मेंदूतल्या किंवा रज्जूच्या वरच्या भागातल्या इजेत ती शाबूत असते, म्हणून तिथे तो पट्टा उपयोगी पडतो. माझ्या दुखापतीत रज्जूच्या टोकाखालच्या नसाच दुखावल्या आहेत. अशा नसा वाढल्या तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि कमरेपासून घोटा फार लांब आहे. तोवर पोटरीचं काम प्लॅस्टिकनं करायचं, यात मला काहीच कमीपणा वाटत नाही.

दिव्यांगांना अशी साधनं देणारी सरकारची १९८१ पासून चालत आलेली योजना आहे, एडिप नावाची, आणि कानपूरचं अलिम्को हे १९७२ मध्ये स्थापन झालेलं सरकारी महामंडळ त्यासाठी कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी बनवतं. ज्याच्या खिशात काही नाही त्याला उभं करणारी ही व्यवस्था आहे आणि तिची किंमत मला त्या गवंडी मुलाकडे बघून कळली. माझं मागणं एवढंच की साधनं वाटणारं शिबिर कुणाचंही असो, वाटपाच्या दिवसाबरोबर पुन्हा तपासणीचा दिवसही त्याच कागदावर छापलेला असावा. महिन्याभरानं या, वळ दाखवा, कडा कापून घ्या, टाचेखाली तुकडा घाला. किती नग दिले यापेक्षा सहा महिन्यांनी त्यातले किती पायांत आहेत, हे कुणीतरी मोजावं. माळ्यावर पडलेली, टोचतं म्हणून काढून ठेवलेली कॅलिपर मी ओळखीच्या घरांत पाहिली आहेत. त्यातली किती अर्ध्या तासाच्या कामानं वापरात आली असती!

आपल्या इंदूरचं सांगायचं तर रस्ते झाडलेले असतात, त्याचा मला रोज फायदा होतो. केळीच्या सालीवर किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीवर काठी पडणं म्हणजे काय हे मी दुसऱ्या गावांत अनुभवलं आहे. एबी रोडवर २०१३ साली आयबस, म्हणजे राखीव मार्गावरून धावणारी बस, सुरू झाली तेव्हा तिचे थांबे बसच्या फरशीच्या उंचीला होते. थांब्यावरून सरळ पाऊल टाकलं की बसमध्ये. कडक घोट्याच्या माणसाला याहून मोठी सोय नाही, कारण उंच पायरी चढताना घोटा वाकावा लागतो आणि माझा वाकत नाही. २०२५ मध्ये तो राखीव मार्ग काढायला सुरुवात झाली. वाहतुकीचा हिशोब मला येत नाही, पण त्या जागी जे काही येईल त्यात थांबा आणि बसची फरशी एका पातळीवर ठेवावी, हे मी महापालिकेला पत्रानं लिहिलं आहे आणि आणखी लोकांनी लिहावं असं मला वाटतं. उतारांचंही असंच. चढावर कडक स्प्लिंट गुडघा मागे ढकलतं, उतारावर पुढे. त्यामुळे राजवाड्याकडून खाली कृष्णपुऱ्याच्या पुलाकडे जाताना मी पावलं लहान टाकते आणि काठी आधी खाली टेकते. मल्हारगंजातल्या एका चांभारदादांनी माझ्या बुटांचा सोल पुढून घासून गोलसर करून दिला. भैयांनी कागदावर रेघ काढून दिली होती, त्याबरहुकूम. घोटा वाकत नसला तरी त्या गोलाईवरून पाऊल पुढे सरकतं. पायाखालच्या त्या बदलानं चालीतला धक्का गेला, आणि दादांनी मजुरी घेताना विचारलं की आणखी कुणाला असं हवं असेल तर पाठवा.

डाव्या स्प्लिंटला घोट्याजवळ आता एक पांढरी रेघ उठली आहे. प्लॅस्टिक वाकून वाकून थकलं की तिथे अशी रेघ येते आणि पुढे तिथूनच तडकतं. म्हणजे नवीन बनवायचं. मधल्या काळात डावा गुडघा तीनचा चार झाला आहे, पोटऱ्या बारीक झाल्या आहेत, जुनं माप चालणार नाही; प्लास्टर पुन्हा. या वेळी दोन्ही जोडी बूट बरोबर नेणार आहे, घरचे आणि बाहेरचे. भैयांना सांगायचं आहे की करंगळीमागे जागा जास्त ठेवा, तिथे वळ मावळायला वेळ लागतो. फिजिओला वाटतं, डावीकडे कडा थोड्या मागे घेऊन बघायला हरकत नाही. मला वाटतं, आधी पुढेच ठेवाव्यात आणि महिनाभर चालून मग कापाव्यात. गुरुवारी तिघं एकत्र बसून ठरवणार आहोत.